टाकी भरेपर्यंत

दिल्ली, नोएडा, गुरगाव आणि गाझियाबाद येथील समस्त मराठी रसिकांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या बँडमधल्या सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत शिस्तप्रिय आणि हयातीत एकदाही बेसूर न झालेल्या वादक, करोल बागेतल्या एका तिमजली घराच्या जिन्याखाली वास्तव्य असलेल्या, अर्ध्या हॉर्सपॉवरच्या पाण्याच्या मोटरबाई, ऐन जूनमध्ये, भर तालमीत, वाजवता वाजवता गेल्या. त्यांच्या मागे एक विजेची गिटार, एक चेलो, एक ट्रॉम्बोन, एक ड्रमसेट आणि एक झांज असा परिवार आहे.

झांज म्हणजे मी.

या मृत्यूला जबाबदार असलेला माणूस आमच्या सरकारी ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याचं नाव सांगत नाही, कारण नावांशी त्याचं कधीच जमलं नाही. बँडला त्याने नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं की लोक नावच ऐकत बसतात, असं त्याचं म्हणणं. माणसांना तो त्यांच्या वाद्याने हाक मारायचा. चेलो, खिडकी लाव. ड्रम, चपला बाहेर. एकदा माझ्या नवऱ्याने फोन उचलला, तर पलीकडून गंभीर आवाजात विचारणा झाली, झांज आहे का घरात? नवरा म्हणाला, आहे, देवघरात आहे, हवी तर येऊन घेऊन जा.

प्रत्येक जागेला स्वतःचा एक सूर असतो, हा त्याचा सिद्धांत. फ्रीज, ट्यूबलाइट, कूलर, लिफ्ट, लांबून जाणारी मेट्रो, असं सगळं मिळून खोली दिवसभर एक सूर धरून बसलेली असते आणि आपण त्याच्यावर मूर्खासारखे बोलत राहतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो मधेच बोट वर करायचा. सगळे थांबायचे. तो छताकडे कान लावायचा, मान डोलवायचा आणि मग म्हणायचा, हं, चालू द्या. एकदा त्याने आमच्या मोठ्या साहेबांना सांगितलं की तुमचा आवाज आणि तुमचा एसी तंतोतंत एका सुरात आहेत. साहेबांना काय वाटलं कुणास ठाऊक, पण त्याच आठवड्यात त्याची अडकलेली रजा मंजूर झाली.

मला त्याने उचललं ते सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टर्समधल्या गणपतीच्या आरतीतून. मी नेहमीप्रमाणे झांज भलत्याच ठिकाणी हाणत होते आणि बायका माझ्याकडे बघत होत्या. प्रसाद घेताना तो जवळ आला आणि म्हणाला की इतक्या ठाम मनाने चुकणारं माणूस तो कितीतरी वर्षं शोधतोय. आयुष्यात माझ्या संगीताची एवढी स्तुती कुणी केली नव्हती. मी लगेच हो म्हटलं.

माझं काम सोपं होतं. वीसेक मिनिटांच्या तुकड्यात, अगदी शेवटी, एक टोला. एकच. तोवर मांडीवर झांज घेऊन गप्प बसायचं. त्या वीस मिनिटांत मी मनातल्या मनात मटार सोलले आहेत, सासूबाईंना उत्तरं दिली आहेत, नैनितालला जाऊन आले आहे.

बाकीची मंडळी मात्र खरी वादक. चेलो वाजवणारी मुलगी दिल्लीतच वाढलेली, एका शाळेत संगीत शिकवायची. तिचं मराठी म्हणजे अर्धं हिंदी आणि अर्धं हातवारे. ट्रॉम्बोन वाजवायचे ते फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले हवालदार, मूळचे साताऱ्याकडचे. मुलगाही फौजेत, म्हणून मुक्काम अजून कँटोन्मेंटातच. ड्रमवर गुरगावचे एक पंजाबी दातांचे डॉक्टर. आणि तो स्वतः विजेची गिटार मांडीवर आडवी ठेवून, पोळी लाटावी तसा तिच्यावर स्टीलचा चमचा फिरवायचा.

वाजवायला सुरुवात करायच्या आधी सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं, जागेचा सूर ऐकायचा आणि वाद्यं त्या सुरात लावायची, हा नियम. चेलो पहिल्या दिवशी वैतागली. "दादा, हा सूर कुठलाच नाहीये यार. दोन सुरांच्या मधे कुठेतरी आहे."

"मग आपणही मधे बसू," तो म्हणाला. "तिथे गर्दी कमी असते."

त्या मधल्या जागेतून जे निघायचं ते मला शब्दांत सांगता येत नाही, पण प्रयत्न करते. आधी बराच वेळ काहीच नाही. मग चेलोचा एक लांब, जाड आवाज, जानेवारीत रिंग रोडवर धुकं उतरतं तसा, कधी आला ते कळायचंच नाही. मग ट्रॉम्बोन, लांबच्या मालगाडीसारखा. डॉक्टर ड्रमवर नुसते तळवे फिरवायचे. शब्द नाहीत, गायक नाही. आणि गिटारचा चमचा हळूहळू तापत जायचा, इतका की शेवटी सगळं मिळून एक भिंत अंगावर यायची आणि छातीत धडधडायचं. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी टोला द्यायचाच विसरले. कुणी रागावलं नाही. तो फक्त म्हणाला, झांजेला आज ऐकू आलं.

दुःख एवढंच, की लोकांसमोर ते कधी पूर्ण झालं नाही.

ती गोष्ट सुरू होते पानिपतला. दर जानेवारीत दिल्लीच्या मराठी मंडळाची बस काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, जाते. त्या वर्षी आम्हीही गेलो. भाषण चाललं होतं, लोक डोळे पुसत होते. आणि हा बाजूच्या लोखंडी कठड्याला कान लावून, गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून राहिलेला. हायवेवरच्या ट्रकांची घरघर जमिनीतून त्या लोखंडात येते, ती ऐकत होता. पण कुणीतरी फोटो काढला आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, पूर्वजांच्या स्मृतीने गहिवरलेले आपले एक सदस्य. शेकडो लोकांनी हात जोडले. मंडळाचे अध्यक्ष त्याला म्हणाले की तुमच्यासारख्या माणसाने गणेशोत्सवात काहीतरी सादर केलंच पाहिजे. त्याने खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला, पण अध्यक्षांचेच डोळे भरून आले होते.

गणेशोत्सवाच्या त्या संध्याकाळी हॉल भरलेला. पत्रिकेत आमच्यापुढे 'सुगम वाद्यसंगीत' असं छापलेलं. आम्ही डोळे मिटले, मागच्या जनरेटरचा सूर घेतला, वाद्यं लावली आणि वाजवायला लागलो. लोक गप्पा मारत होते. मोदकांच्या ताटल्या फिरत होत्या. कुणीतरी ड्रमच्या पलीकडून ओरडून वहिनींना सांगत होतं की पुढची रांग धरून ठेवा. मला वाटलं, रसिक आहेत, हळूहळू रंगतील. शेवट जवळ आला, भिंत उभी राहायला लागली, मी झांज उचलली, आणि निवेदक माइक घेऊन स्टेजवर आले. "वादकांचं जुळवून झालेलं दिसतंय," ते हसून म्हणाले, "तर मंडळी, आता कार्यक्रमाला सुरुवात करू या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्याकडे वाजवायला काहीच उरलं नव्हतं. शेवटी हवालदारांनी ट्रॉम्बोनवर एक फौजी मार्च वाजवला आणि वन्स मोअर घेतला. परतताना मेट्रोत तो गिटार छातीशी धरून उभा होता. करोल बाग स्टेशन आलं तेव्हा म्हणाला, कुणीतरी एकाने तरी शेवटपर्यंत ऐकायला हवं होतं. एवढंच. मग दार उघडलं आणि तो उतरला.

त्याचं राहणं आणि आमची तालीम दोन्ही एकाच जागी, करोल बागेत त्याच्या आत्याच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत. दिल्लीत तिला बरसाती म्हणतात. खोली एवढी लहान की ट्रॉम्बोनची नळी पुढे सरकली की खिडकीतून बाहेर जायची. थंडीत हवालदार तक्रार करायचे की नळी बाहेरून गारठून येते आणि सूर कुडकुडतो. दिल्लीत सगळा बँड मावेल आणि शेजारी सहन करतील अशी दुसरी जागा आम्हाला परवडली नसती, मिळालीही नसती. बरसाती होती म्हणून बँड होता.

आणि बरसाती आत्यांची होती.

आत्या ऐंशीच्या घरातल्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा वरच्या मजल्यापर्यंत पाणी चढत नसे. खालच्या नळावरून बादल्या भरून जिने चढायच्या. मग त्यांच्या यजमानांनी मोटर बसवली, आणि आत्यांच्या सोयीसाठी एक बटण जिन्याखाली आणि एक थेट गच्चीवर बसवून घेतलं. तेव्हापासून संध्याकाळी पाणी यायच्या वेळेला आत्या वेताच्या मोढ्यावर बसून टाकी भरण्याचा आवाज ऐकायच्या. पाणी काठाला यायच्या बरोबर आधी त्या एकच शब्द उच्चारायच्या, "मोटर." जो जवळ असेल त्याने धावत जाऊन बटण बंद करायचं. यजमान गेले, मुलं अमेरिकेला गेली, पण त्या घराची टाकी कधी वाहिली नाही. ज्या घराची टाकी वाहते त्या घरात मुलगी देऊ नये, असं त्या आम्हाला बजावायच्या. आमच्यापैकी कुणाचीच मुलगी लग्नाची नव्हती, तरी आम्ही माना डोलवायचो.

आता त्याचा सगळ्यांत मोठा तुकडा, ज्याला तो नुसतं 'टाकी' म्हणायचा, तो याच मोटरीवर रचलेला होता. मोटर जिन्याखाली, पण तिचा सूर पाइपातून चढत वर येऊन टाकीत घुमायचा. रिकाम्या टाकीत पाणी पडतानाचा पातळ आवाज म्हणजे सुरुवात. पाणी वाढत जातं तसा आवाज भरत जातो, तशी आमची वाद्यं एकेक करून आत येतात. टाकी काठोकाठ भरली की माझा टोला, मोटर बंद, समाप्त. त्याने ते इतकं मोजूनमापून बसवलं होतं की आत्यांचा "मोटर" आणि माझा टोला एका क्षणी यायचे. अर्थात आत्या जिन्यात असायच्या. वर काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पोरं काहीतरी घासतात, असं त्या शेजाऱ्यांना सांगायच्या. पोरं म्हणजे आम्ही, चेलो सोडली तर सगळे पन्नाशीचे.

मग तो जून आला. संध्याकाळी नळाला पाणीच आलं नाही. हवालदार कँटोन्मेंटातून दोन बस बदलून आले होते, डॉक्टर दवाखाना बंद करून. तो म्हणाला, मोटर थोडा वेळ कोरडी चालवली तर काय होतंय? आत्या डोळ्यांच्या तपासणीला गेल्या होत्या. आम्ही चार सुशिक्षित माणसं आणि एक हवालदार, पण आमच्यातल्या एकानेही नको म्हटलं नाही.

सुरुवात झकास झाली. मग मोटरीचा सूर थरथरायला लागला. हवालदारांनी ट्रॉम्बोन तोंडातून काढून सांगितलं की साहेब, हिचं काहीतरी बिनसलंय. त्याचे डोळे चमकत होते. "थांबू नका," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा ती मन लावून वाजवतेय."

पुढच्याच मिनिटाला जिन्यातून धूर आला.

आत्या परत आल्या, जिन्याखाली वाकून त्या काळ्या पडलेल्या मोटरीकडे बघत राहिल्या. ओरडतील म्हणून आम्ही रांगेत उभे होतो. त्या ओरडल्या नाहीत. "यांनी बसवली होती," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. नवी मोटर आणायची. ती तालमीसाठी एक क्षणही चालवायची नाही. मग एकदा, पाणी यायच्या वेळेला, आत्या स्वतः गच्चीवर येऊन आमचं ते काय आहे ते ऐकतील. पटलं तर राहा. नाही पटलं तर बरसाती रिकामी करायची, बँड, चमचा, सगळं घेऊन. तो खाली मान घालून हो म्हणाला. पन्नाशीच्या माणसाला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मोटर घ्यायला आम्ही दोघं निघालो. त्याला तोच सूर हवा होता, जुन्या मोटरीचा. मोटर तर गेलेली, पण चेलोची एक तार अजून त्या सुरात लावलेली होती. ती ऐकून, तोंड मिटून तो सूर गुणगुणत तो घरातून निघाला आणि सूर हरवेल म्हणून रस्त्याने एक शब्द बोलला नाही. कोपऱ्यावर एका टेम्पोने असा काही हॉर्न दिला की तो जागीच थांबला. सूर गेला होता. आम्ही परत घरी, चेलोकडे, आणि पुन्हा बाहेर.

दुकानदाराने विचारलं, इनको क्या हुआ? मी म्हटलं, दाँत में दर्द है. मग मी एकेक मोटर चालू करायला लावायची आणि याने गुणगुणत मान हलवायची. नाही. नाही. वरच्या फळीवरची. नाही. दुकानदार सज्जन होता, तरी शेवटी त्याने हात जोडले. "बहनजी, भाईसाहब को पानी चढ़ाना है या भजन गाना है?"

कोपऱ्यातली एक मोटर चालू झाली आणि याचं गुणगुणणं तिच्यात असं मिसळलं की कुठलं कोणाचं ते कळेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानदार म्हणाला, ही तुमच्या घरासाठी मोठी आहे जी, एक हॉर्सपॉवरचा जोर आहे, टाकी झटपट भरेल. मला तो फायदाच वाटला. मी उलट घासाघीस केली. याने फक्त तिचा आवाज फोनमध्ये भरून घेतला, आणि पुढचे काही दिवस आम्ही त्या फोनवर तालीम केली.

मिस्त्रीने मोटर बसवली ती जुलैतल्या एका रविवारी दुपारी, तोवर पाणी आम्ही बादल्यांनीच वर नेलं. त्याच संध्याकाळी आत्या कठडा धरत, थांबत थांबत वर आल्या. इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. बरसातीच्या दारात, टाकीला लागून त्यांचा मोढा ठेवला. मी दाराशी, गच्चीच्या बटणाजवळ, कारण बटण दाबणं हेही आता झांजेकडे होतं. तो मांडीवर गिटार घेऊन बसला. चमचा त्याने दोनदा सदऱ्याला पुसला. काही विचारायचंय का, असं त्याने आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, काय विचारायचंय, सुरू करा.

मी बटण दाबलं.

पाइपातून सूर वर आला आणि टाकीत घुमला. आत्यांनी एकदम वर बघितलं. आधी पाइपाकडे, मग त्याच्याकडे. मग हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

चेलो आली. ट्रॉम्बोनची नळी हळूच खिडकीबाहेर गेली. डॉक्टरांचे तळवे फिरायला लागले. इतकं चांगलं आम्ही कधीच वाजवलं नव्हतं, आणि मी, जिच्याकडे करायला काहीच नव्हतं, तीच पहिल्यांदा दचकले. टाकीचा आवाज भरत चालला होता. फार लवकर. आम्ही अजून निम्म्यावरही आलो नव्हतो आणि पाणी काठाशी पोचलं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात दुकानदाराचं बोलणं शिरलं. सूर जुना होता, जोर नवा होता. फोनवरच्या तालमीत सूर ऐकू येतो, टाकी भरत नाही.

त्यालाही कळलं होतं. चमचा फिरत होता, पण नजर आत्यांवर होती, पेपर निम्मा असताना घंटा झाली की पोरं बाईंकडे बघतात तशी. टाकीच्या कडेवरून पाण्याची एक बारीक रेघ उतरली. मग दुसरी. मग वरून पाणी सरळ गच्चीवर पडायला लागलं आणि पन्हळीतून खाली गल्लीत. खालून आरोळ्या सुरू झाल्या, ओ माताजी, मोटर बंद करो, मोटर! पाणी वाहत येऊन आत्यांच्या चपलांपर्यंत पोचलं.

मी दिल्लीत इतकी वर्षं काढली आहेत. वाहत्या टाकीचा आवाज ऐकला की आमचं शरीर डोक्याला विचारत नाही. झांज काखेत धरून मी उठले आणि माझा हात आपोआप बटणाकडे गेला. आत्यांचं तोंड उघडलं. त्या तोंडातून या क्षणाला इतकी वर्षं एकच शब्द आला होता. तो आला की सगळं संपणार होतं, तुकडाही आणि बरसातीही. हवालदारांनी नंतर मला सांगितलं की त्यांचा मनातल्या मनात ट्रॉम्बोन पेटीत घालून झाला होता.

आणि आत्या, डोळे मिटलेलेच, पाय ओले, गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या,

"बटणाला हात लावलास तर बघ. अजून संपलं नाहीये त्याचं."